डब्यातली वावरं

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका वावराच्या बांधावर उकिडवे बसून माती खात होते. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, गाल आत ओढायचे, मग थुंकून टाकायची, लोट्यातल्या पाण्यानं चूळ भरायची आणि वहीत काहीतरी टिपायचं. मी बैलगाडीतून उतरत होते. नव्या नोकरदाराला शोभेल अशा घाईनं मी निकाल दिला: माणूस वेडा आहे. दुपारी चावडीत कळलं की हे शेतीखात्याचे सहायक, आणि माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच आहे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. नंदुरबार, शहादा, तळोदा हे तेव्हा धुळे जिल्ह्यातले तालुके. सारंगखेड्याच्या अलीकडं, तापीकाठच्या एका गावात मी ग्रामसेविका म्हणून आले होते. वय एकवीस. बिनधुराची चूल, शोषखड्डा आणि पेटीवर म्हणायची तीन स्फूर्तिगीतं एवढं माझं भांडवल. पर्समध्ये आरसा. खेडी माझी वाट बघत खोळंबली आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गाव कुणाचीच वाट बघत नव्हतं, कापूस वेचत होतं.

मी घरात अहिराणी बोलूनच वाढलेली, पण नोकरी लागल्यावर जीभ इस्त्री करून घेतली होती. मातीला मी 'मृदा' म्हणायचे. एकदा त्यांच्यासमोर म्हटलं, "इथली मृदा सुपीक दिसते." ते वहीतून मान वर न काढता म्हणाले, "माटी म्हन माय, म्हंजे ती ओ देई."

गावात त्यांना माटीखाऊ साहेब म्हणत. मागं नाही, तोंडावर म्हणत, आणि ते ओ देत. मातीची चव घ्यायला कुणी शिकवलं, याचं उत्तर ते रोज वेगळं द्यायचे. कधी सातपुड्यातल्या एका म्हाताऱ्यानं, कधी स्वतःच्या आजीनं, कधी एका गाभण म्हशीनं. सारंगखेड्याच्या यात्रेत ते घोड्यांच्या रांगांमधून तासन् तास फिरत. व्यापारी हरखून दात दाखवत, चाल दाखवत. हे विचारत, "तुन्हा घोडा घरनी भित चाटस का?" चाटतो म्हटलं की भिंतीची माती कुठल्या वावरातली, हे लिहून घेत आणि पुढच्या घोड्याकडं वळत. व्यापाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

जीभ साफ राहावी म्हणून ते अळणी जेवत. भरीत अळणी, डाळ अळणी, लग्नाच्या पंगतीत आपली अळणी भाकर धोतराच्या सोग्यात बांधून नेत. मी जिच्या घरी भाड्यानं राहायचे ती जिजी यावर फार चिडायची. जिजी म्हणजे गुजर पाटलांच्या घरातली साठीची विधवा. शेती स्वतः बघणारी, आवाज पाटाच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा. ती म्हणायची, "ज्याले आपलं मीठ चालस नही, त्यानावर इस्वास कसा ठेवाना वं?"

एकदा त्यांनी ते ऐकलं. म्हणाले, "जिजी, तुन्हं मीठ मी वावरमा रोज खास ना."

जिजी गप्प झाली. जिजी गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, म्हणून विचारलं. तेव्हा मला कळलं की तिच्या खालच्या वावरात गेल्या तीन वर्षांपासून पांढरे डाग पडत होते. पाटाचं पाणी आलं तेव्हा गावानं पेढे वाटले होते. वरच्या वावरांत केळी उभी राहिली, ऊस उभा राहिला. पण पाणी उतारानं खाली झिरपत गेलं, सखल वावरांत साचून बसलं आणि जमिनीच्या पोटातलं मीठ वर घेऊन आलं. डागात कपाशी उगवायची, बोटभर वाढायची आणि कडेनं जळत जायची. दर वर्षी डाग थोडा रुंद.

माटीखाऊ साहेबांचं म्हणणं साधं होतं. पाणी आणायला जसा पाट लागतो, तसा पाणी बाहेर काढायला चर लागतो. आधी खालच्या अंगाला चर खणा, मग दुसरा पाट पुढच्या गावांना न्या. नाहीतर ती गावंही अशीच पांढरी होतील. हे त्यांनी वर तीनदा लिहून पाठवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की पुरेशा पुराव्यानिशी कळवावे.

"वहीवर कोनी इस्वास ठेवस नही," ते मला म्हणाले, "पन माटी खोटं बोलस नही. फक्त तिले इचारनं पडस."

मी मनात म्हटलं, इचारा बापडे. मला स्वतःची फार कामं होती.

त्या मार्गशीर्षात आमच्या गावी परिषद भरायची ठरली. 'पाटपाण्याचे परिणाम' असं तिचं नाव, आणि तो फलक मी स्वतःच्या हातानं रंगवला होता. पाटबंधाऱ्यांचे मोठे साहेब, शेतीचे, आरोग्याचे, वनखात्याचे असे पंधरा-वीस अधिकारी दोन दिवस येणार. पाट आल्यानं रानाचं, पाण्याचं, माणसांचं काय झालं ते बोलणार आणि दुसऱ्या पाटाचा ठराव करणार. मार्गशीर्ष का, तर त्याच सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते आणि साहेबांना घोडे बघायचे होते. हे पत्रात लिहिलेलं नव्हतं, पण गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

व्यवस्था माझ्याकडं. शाळेच्या मैदानात मांडव. साहेबांना खुर्च्या, गावाला जमीन. जमीन खडबडीत होती, म्हणून मी दवंडी दिली: प्रत्येक घरानं एक डबा चाळलेली माती श्रमदान म्हणून शाळेत आणून ठेवावी. तेव्हा श्रमदानाचं वारं होतं आणि मी त्या वाऱ्यावर तरंगत होते. दवंडी देऊन फुलांच्या माळा आणायला शहाद्याला गेले, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतले आणि शाळेच्या मागच्या ओसरीत शिरले, तर काय सांगू! रॉकेलचे तेवीस डबे, काठोकाठ भरलेले, ओळीनं मांडलेले. माती बारीक चाळलेली. प्रत्येक डब्यावर खडूनं एकेका शेतकऱ्याचं नाव.

मी एकेका डब्याला हात जोडले. हसू नका, खरंच जोडले. एका दवंडीवर गाव जागं झालं होतं! प्रशिक्षणात बाई सांगायच्या, 'नेतृत्व अंगात असावं लागतं.' ते माझ्या अंगात आहे याची मला शंका होतीच, आता खात्री पटली.

मी जिजीला आणि आणखी आठ-दहा बायकांना बोलावलं. डबे रांगेत होते तसेच उचलायचे, मंचापासून मांडवाच्या दाराकडं एकामागं एक आडवा पट्टा पसरायचा, पाणी मारायचं, धुमसानं बडवायचा आणि वरून शेणाचा हात फिरवायचा. मी शेजारी वही घेऊन उभी. पट्टा पहिला, अमक्याचं श्रमदान. पट्टा दुसरा, तमक्याचं श्रमदान. भाषणात नावं घेऊन आभार मानायचे होते ना!

जिजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आपलं गाव इतलं शहानं कधी व्हयनं, बाई?"

"माणसांना फक्त हाक मारावी लागते, जिजी."

शेवटचा, दाराजवळच्या पट्ट्याचा डबा उचलताना मी नाव वाचलं. जिजीचंच. "बघा, तुमचाही आहे!"

"मन्हा? मी त काहीच दिन्हं नही."

"गड्यानं आणून ठेवला असेल."

"मन्हा गडी?" जिजी हसली. "तो सोताना हातपाय धवाले पानी आनस नही."

कुठल्याही शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी वहीत जिजीचं नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

माटीखाऊ साहेब त्या दिवशी तळोद्याला गेले होते, पाटाच्या नकाशाची प्रत आणायला. दिवे लागायच्या आधी परत आले आणि सरळ ओसरीत गेले. मग मांडवात आले. मी माळा बांधत होते.

"डबा कोठे शेतस?"

"कुठले डबे?" मी म्हटलं. तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि माहीत झालं. दोन वर्षं हा माणूस वावरं फिरत होता. मी शहाद्याला होते त्या दिवशी त्यानं ती सगळी वावरं डब्यांत भरून गाडीनं शाळेत आणून ठेवली होती. हाच तो पुरावा. आणि गावानं माझ्या दवंडीवर एक ढेकूळही आणलेलं नव्हतं. "बायकांनी काहीतरी... मी इथं नव्हते..." अशी माझी जीभ वळवळायला लागली. इस्त्री सगळी उतरली.

जिजीनं मला फार वेळ खोटं बोलू दिलं नाही. "बाईनीच त सांगं. बठ्ठी माटी तुन्हा पायखाले शे."

त्यांनी पटकन एक पाय उचलला. मग तो ठेवून दुसरा उचलला. मग दोन्ही एकदम उचलता येत नाहीत हे लक्षात आल्यासारखे हळूच खाली बसले. ओल्या सारवणावर, पांढऱ्या धोतरात.

मी रडायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सारवणावर बोट टेकून म्हणाले, "कोनता डबा कोठे रिचवा, काही ध्यानमा शे का?"

मी वही पुढं केली. त्यांनी तेवीस नावं वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग उठून मंचापासून दारापर्यंत चालत गेले, प्रत्येक पट्ट्यावर थांबत. डबे ओसरीत त्यांनी वावरांच्या उतारानं मांडले होते. पाटाच्या वरची, पाणी न पोचणारी वावरं आधी, मग पाटाखालची, मग सखलातली, आणि सगळ्यात शेवटी जिजीचं. मी ती त्याच क्रमानं जमिनीवर आणली होती. दाराशी पोचून ते वळले.

"उद्या काहीच दिखाव नही," ते म्हणाले. "परवा. अठे सतरंज्या आथरू नको. पानी शिपडू नको. झाडू बी मारू नको."

धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं. माझी निदानं अशीच असत.

परिषदेचा पहिला दिवस माझ्या स्वागतगीतानं सुरू झाला. वरचा सूर लागला नाही, टाळ्या मात्र पडल्या. आरोग्याचे साहेब डासांवर बोलले, वनखात्याचे पाटाकाठच्या झाडांवर. गावकरी नुसत्या सारवणावर मांड्या घालून बसले होते, कारण सतरंज्यांच्या वळकटीवर माटीखाऊ साहेब दिवसभर घोड्यावर बसावं तसे बसून राहिले, पाणी प्यायलाही उठले नाहीत. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा तिथूनच म्हणाले, "माझं उद्या सकाळी, साहेब." अधिकाऱ्यांशी ते सावकाश, पुस्तकातलं मराठी बोलायचे.

"उद्या सकाळी आम्ही सारंगखेड्याला निघतोय," मोठे साहेब म्हणाले.

"निघण्याआधी अर्धा तास द्या."

"पंधरा मिनिटं. पण आजवर तुम्ही पुरावा दाखवलेला नाही. उद्याही नसला, तर दुसऱ्या पाटाचा ठराव चराशिवाय, आहे तसा मंजूर होईल. पुढची गावं खोळंबली आहेत."

"चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मांडवात गेले आणि दारातच थबकले. माझी सुंदर जमीन नासली होती. मंचाकडची काळीभोर, मधली भुरकट, आणि दाराकडची पांढरीफटक, पीठ सांडल्यासारखी. सारवण सुकता सुकता शेणाचा पातळ हात फोडून काहीतरी वर आलं होतं. तासाभरात साहेब येणार! मी पळत जाऊन शेणाची बादली आणली, केरसुणी घेतली आणि दारापासून सुरुवात करायला वाकले.

"केरसुनी खाले ठेव."

"नाही ठेवणार! साहेब येतायत. माझी नोकरी जाईल!"

माटीखाऊ साहेब पुढं आले आणि माझ्या केरसुणीसमोर, दाराच्या पट्ट्यावर, हातपाय पसरून आडवे झाले. "मन्हा आंगवरथून फिराव."

पन्नाशीचा सरकारी नोकर दारात आडवा, ग्रामसेविका बादली घेऊन उभी. ह्या अवस्थेत जिजी आली. ती आमच्याकडं बघून हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिची नजर खालच्या पांढऱ्यावर होती. तिनं वाकून बोटानं ते पुसलं, खालची माती उकरली, बोटांत चुरली.

"हाई त मन्हं वावर शे, वं माय," ती म्हणाली.

मी केरसुणी खाली ठेवली.

साहेब आले ते यात्रेच्या कपड्यांत. त्या पंधरा मिनिटांत माटीखाऊ साहेब जेमतेम पाच वाक्यं बोलले. मला म्हणाले, "नावं वाच." मी वही उघडली आणि वाचायला लागले. आभाराचं भाषण गेलं, नुसती नावं राहिली. ज्याचं नाव येई तो उठे आणि त्याच्या पट्ट्यावर जाऊन उभा राही. तेवीस पट्टे, तेवीस माणसं, शेवटी दारात जिजी.

"साहेब, तुमची खुर्ची आहे ते पाटाच्या वरचं वावर," ते म्हणाले. "तिथं पाणी जात नाही. आता दाराकडं चालत या."

मोठे साहेब उठले. काळ्या पट्ट्यांवरून चालले, भुरकट पट्ट्यांवर त्यांची चाल मंदावली. प्रत्येक पट्ट्यावरचा माणूस 'मन्हं वावर' एवढंच म्हणे. मागं मागं, जिथं काल गाव बसलं होतं, तिथं त्यांचे चकचकीत बूट पांढरे झाले. जिजीपाशी ते थांबले.

"बाई, यात पेरलंत काय?"

"दर साल कपाशी. उगस, जळस. उगस, जळस."

साहेबांनी माटीखाऊ साहेबांकडं पाहिलं. ते आपल्या जिभेला बोट लावून दाखवत होते. मोठ्या साहेबांनी खाली वाकून बोट टेकलं, जिभेवर ठेवलं, गाल आत ओढले आणि म्हणाले, "पाणी आणा."

मग म्हणाले, "ठराव पुन्हा लिहा. चर आधी."

त्या दिवशी यात्रेतले घोडे साहेबांना दुपारी बघावे लागले. निघताना त्यांनी विचारलं, ही जमिनीची कल्पना कुणाची? मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, अगदी शपथेवर. माटीखाऊ साहेब म्हणाले, "ह्या बाईंची." परिषदेच्या अहवालात माझं नाव 'अभिनव प्रात्यक्षिका'साठी छापून आलं, पुढं प्रशस्तिपत्र आलं. ते चौकटीत घालून मी भिंतीवर लावलं आणि सासरी आले तेव्हा बरोबर आणलं. नातवंडांना आजवर खरं सांगितलेलं नाही, आता वाचतीलच. माटीखाऊ साहेबांना मी तेव्हाच विचारलं होतं, खोटं का सांगितलंत? म्हणाले, "खोटं कोठे? माटी कोनी आथरी?"

चैत्रात चर झाला. जिजीच्या वावराच्या कडेनं, कमरेइतका खोल, थेट नाल्यापर्यंत. पाटाचं पाणी सोडून खालची वावरं तुडुंब भरायची, म्हणजे मीठ विरघळून चरात उतरेल, असा बेत. गाव जमलं. नारळ फुटला, गूळ वाटला गेला. पाणी वावरात मुरलं, आणि उन्हं चढता चढता चराच्या तळाशी एक गढूळ ओहोळ हलायला लागला. त्यांनी ओंजळ भरून चाखलं आणि असं तोंड वेडंवाकडं केलं, की न सांगताच सगळ्यांना कळलं. एकच आरडाओरडा झाला. जिजीनं मला मिठी मारली. माझी पर्स चरात पडली आणि मला तिचं काही वाटलं नाही.

ते मात्र ओहोळाकडं बघत उभे होते.

"हाई पानी आते कोठे जाई?"

"नाल्यात," मी म्हटलं.

"मंग?"

"तापीत."

"आन मधमा?"

मधे काय आहे ते मला माहीत नव्हतं. जिजीला होतं. तिचा चेहरा उतरला. नाल्याच्या तोंडाशी सातपुड्यातून कापूस वेचायला उतरलेल्या लोकांच्या झोपड्या होत्या, आणि त्यांचं प्यायचं पाणी नाल्यातल्याच एका झिऱ्याचं, वाळू उकरून केलेल्या खड्ड्यातलं. ते तिथं सात महिने राहत होते आणि परिषदेत त्यांना बोलवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. डब्यांवर त्यांचं नाव असायला त्यांना वावरच नव्हतं.

"तोंड दाबा," त्यांनी चरातल्या गड्यांना सांगितलं, "पोतं घाला, माटी घाला!" आणि ते निघाले. लोक मागून ओरडत होते की आत्ताच तर सोडलंय, थोडं वाहू द्या. ते ऐकत नव्हते. आधी भरभर चालत होते, मग धोतराचा सोगा हातात धरून चक्क पळायला लागले. मी मागं धावले. पाणी आमच्या पुढं काठीभर अंतरावर नाल्याच्या वाळूतून जीभ काढत चाललं होतं; शेवटच्या वळणावर आम्ही त्याला मागं टाकलं.

झिऱ्यावर एक बाई वाटीवाटीनं हंडा भरत होती.

"थांब माय! भरू नको!" ते लांबूनच ओरडले.

तिला आमची भाषा किती कळली कोण जाणे. पण एक म्हातारा धोतर सावरत आणि त्याच्यामागं एक बाई पदर खोचून पळत येताना पाहून ती थांबली. हंडा खाली ठेवला. आम्ही दोघांनी झिऱ्याच्या वरच्या अंगाला हातांनी वाळूचा बांध घातला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं श्रमदान. त्या बाईनं आधी आमच्याकडं नीट बघून घेतलं, मग तीही वाळू ओढायला बसली.

चराचं तोंड झिऱ्याच्या खालच्या बाजूला वळवायला आणखी आठ दिवस खणावं लागलं. गावानं कुरकुर केली, शिव्या दिल्या, आणि खणलं. जिजी सगळ्यांत पुढं होती. नवव्या दिवशी पाणी पुन्हा सोडलं, तेव्हा नारळ हातात घेऊन सगळे थांबून राहिले. नाल्याकडून ती झिऱ्यावरची बाई वाटीत तिथलं पाणी घेऊन वर आली. तिनं ते माटीखाऊ साहेबांपुढं धरलं नाही. स्वतः प्यायली, थोडा वेळ तोंडात घोळवलं, आणि मान डोलावली. मग जिजीनं नारळ फोडला.